बेअरव्हॉल्ट बीव्ही-५००: अस्वलांच्या रानात न्यायचा डबा, नौपाड्याच्या स्वयंपाकघरात भरून पाहिलेला

सप्टेंबरअखेरीस भाचीबरोबर अमेरिकेत, मिनेसोटातल्या बाउंड्री वॉटर्स या तळ्यांच्या रानात कनू (वल्ह्यांची हलकी होडी) घेऊन जायचं ठरलंय. दिवसा वल्हवायचं, दोन तळ्यांमध्ये जमीन आली की बोट खांद्यावर घेऊन चालायचं, रात्री काठावर तंबू. हजाराहून जास्त तळी, बहुतेकांवर मोटारबोटीला बंदी, आणि रानात काळी अस्वलं. शरदात ती हिवाळ्याच्या झोपेसाठी चरबी साठवतात, दिवसाचा बहुतेक वेळ खात असतात. म्हणून तंबूच्याही आधी खाणं कशात न्यायचं ते ठरवलं.

तिथे २०२४ पासून तसा नियमच आहे. खाणं एक तर मान्यताप्राप्त अस्वलरोधक डब्यात ठेवायचं, नाहीतर जमिनीपासून १२ फूट उंच आणि खोडापासून ६ फूट लांब टांगायचं. दमलेल्या हातांनी, अंधारात, अशी फांदी शोधत फिरायला मी तयार नाही. भाची मे महिन्यात ठाण्याला आली तेव्हा हा डबा घेऊन आली. किंमत साधारण शंभर डॉलर.

आपल्याकडच्या पिठाच्या डब्याएवढा आहे: ११.५ लिटर, रिकामा सव्वा किलोच्या आत, आरपार दिसणारं पॉलिकार्बोनेट. कडी नाही, कान नाही, पकडायला काहीच नाही, आणि तेच हवं. अस्वल तो लोळवतं, चावतं, पण जबड्यात धरता येत नाही. झाकण फिरवताना त्याच्या कडेचा खटका अंगठ्याने जोरात दाबावा लागतो. थंडीत प्लास्टिक आणखी ताठरतं, त्यामुळे बोटांना आधी सवय करून घ्या. मी रोज सकाळी चहाच्या वेळी उघडबंद करते, आता सहज जमतं.

कंपनी म्हणते, एका माणसाला आठवडाभर पुरतो. कोरड्या, दाबून बसणाऱ्या खाण्याला ते खरं असेल. आमचं खाणं मी जांभळी नाक्यावरून सामान आणून भरून पाहिलं, तेव्हा कळलं की आपला कोरडा फराळ या डब्यासाठी फार चांगला, पण निवडून घ्यावा लागतो. कुरमुरे आणि पातळ पोह्यांचा चिवडा बाद, सगळी हवाच. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, खिचडीसाठी भाजून भरडलेली मूगडाळ, गूळ, चिक्की हे सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा काढून भरलं की कोपरान् कोपरा वापरला जातो. लोणचं काचेच्या बरणीत नेता येत नाही, तिथे काच आणि टिनचे डबे दोन्ही बंद आहेत. छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत घेतलंय. विमानतळावर हे सगळं जाहीर करायचं, लपवायचं नाही.

लसणाची चटणी मात्र भाचीने परत काढायला लावली. "मावशी, डबा अस्वलाला उघडत नाही, पण वास बाहेर येतोच." ते बरोबर आहे. हा डबा वास कोंडत नाही. म्हणून तो तंबूपासून चांगला लांब, सपाट जागी ठेवायचा, पाण्याच्या कडेला नाही, नाहीतर लोळत तळ्यात जाईल. दोरीही बांधायची नाही, दोरी म्हणजे अस्वलाला ओढायला मूठ. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, बाम सगळं रात्री आत. या वस्तूंची जागा आधी राखून मग पीठं भरा. पहिल्या रात्री डबा सर्वांत भरलेला असतो, आणि झाकण लागलंच पाहिजे.

हा डबा अभेद्य मात्र नाही. न्यूयॉर्कच्या अडिरॉन्डॅक डोंगरांत कानांना पिवळे बिल्ले लावलेली एक मादी अस्वल याच कंपनीचे डबे दातांनी खटका दाबून उघडायला शिकली होती. त्यामुळे जिथे जायचं तिथल्या वन खात्याची यादी बघूनच डबा घ्या.

दोघींच्या जेवणाला आठवडाभर हा एकटा पुरणार नाही, निम्मा आठवडा नीट निघेल. बाउंड्री वॉटर्सजवळच्या एली गावातले आउटफिटर, म्हणजे सफरीचं सामान पुरवणारे दुकानदार, असे डबे भाड्याने देतात, म्हणून दुसरा तिथूनच घेणार. अस्वलांसाठीचा मिरचीचा स्प्रेही तिथेच घ्यावा लागेल, विमानात तो ना हातातल्या बॅगेत चालतो ना चेक-इनमध्ये. साठवणीपुरतं म्हणाल तर मी डब्याला पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो खांद्यावरच्या पिशवीत त्याच्या गोल आकाराने आजूबाजूला जी जागा फुकट जाते तिच्यासाठी. त्या फटींत मोजे कोंबलेत.