वाड्याला खेटून नवं घर: डिझाइन आणि देखरेखीच्या सेवेचा रिव्ह्यू

शिवाजी पेठेत शंभरी ओलांडलेल्या एका वाड्याला लागून नवं दोन मजली घर उभं राहिलं आहे. काम कोल्हापुरातल्याच एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसचं. डिझाइनला पाचपैकी साडेचार, साइटवरच्या देखरेखीला तीन. जुन्या पेठेत बांधायला निघालेल्यांना दोन्ही आकडे कामाचे आहेत.

सगळ्यात मोलाचं काम पहिल्या पंधरवड्यात झालं. स्वतःच्या घराची एक रेघ ओढण्याआधी शेजारच्या वाड्याचा दर्शनी भाग मोजून कागदावर घेतला. रस्त्यापासून जोतं २ फूट ९ इंच, तिथून माडीची जमीन १०.५ फुटांवर, पागोळीची (छपराच्या खालच्या कडेची) रेघ रस्त्यापासून २२ फुटांवर, आणि लाकडी खांबांमधला खण ५ फुटांचा. नव्या घराची सगळी मापं यातूनच निघाली. जोतं तेवढंच. माडीच्या स्लॅबची कड वाड्याच्या तुळईच्या रेघेत. कॉलम दोन-दोन खणांवर, म्हणजे १० फुटांवर. खिडक्या अडीच फूट रुंद, ५ फूट उंच, उभ्या. इथे नेहमीची ६ फुटी आडवी स्लायडिंग खिडकी टाकली असती तर कितीही महागडं दगडकाम करूनही घर वाड्याशेजारी परकंच दिसलं असतं.

खरी अडचण वरच्या बाजूला होती. मजल्याची उंची १०.५ फूट धरली की वरचा स्लॅब २३ फूट ९ इंचांवर जातो, म्हणजे पागोळीच्या पावणेदोन फूट वर. त्यावर कठडा आला की वाडा खुजा वाटू लागतो. उपाय चांगला निघाला: पुढच्या ८ फुटांवर स्लॅबऐवजी कौलारू उतार, त्याची पागोळी बरोबर २२ फुटांवर, आणि गच्ची त्याच्या मागून सुरू. कठडा साडेतीन फुटांचा आहे, तरी २५ फुटांवरून बघितलं तर तो कौलांच्या कडेआड जातो. जिन्याची टोपी आणि पाण्याची टाकी मागच्या भिंतीशी नेली. पंचगंगेकडच्या सखल भागात शेजाऱ्याएवढंच जोतं ठेवायची युक्ती मात्र जशीच्या तशी चालणार नाही. २०१९ आणि २०२१ चं पाणी बघितलेल्या माणसाला जोतं उंचच हवं असतं. तिथे जोतं हवं तेवढं उचलावं, पण दगडाचा थर शेजाऱ्याच्या रेघेवर थांबवून वर साधा गिलावा करावा. डोळा त्या रेघेलाच जोतं मानतो.

पायाच्या कामाला पूर्ण गुण. वाड्याच्या भिंतीला लागून ३ बाय ३ फुटांचा चाचणी खड्डा घेतला, तेव्हा जुना पाया चुन्यातल्या दगडाचा आणि जेमतेम ४ फूट खोल निघाला. कठीण मुरूम ६ फुटांवर. सलग ६ फुटी चर खणला असता तर जुन्या पायाखालची माती चरात घसरली असती आणि भिंतीला तिरपे तडे गेले असते. पेठांमधली बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. म्हणून कॉलमची ओळ ४ फूट आत घेतली आणि वरचा भाग कॅन्टिलिव्हरवर (टोकाला खांबाचा आधार नसलेल्या तुळयांवर) बाहेर काढला. साधा हिशेब असा: नवा पाया जुन्यापेक्षा जितका खोल, निदान तितकं अंतर दोघांच्या कडांमध्ये हवं. खुदाई ४-४ फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक, आणि उघडलेला तुकडा त्याच दिवशी काँक्रीटनं भरलेला. ब्रेकर लावला नाही, पहार आणि छिन्नीनं काम केलं. वाड्यात आधीपासून असलेल्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारखा टाकल्या, आणि शेजाऱ्यांच्या सहीचे फोटो फाइलला ठेवले. पट्टी तुटली, म्हणजे तडा वाढला, तर काम थांबवायचं हे आधीच ठरलेलं होतं.

वाड्याच्या बाजूच्या खिडकीसमोर ४ बाय ६ फुटांचा डक्ट (वरपर्यंत मोकळी जागा) सोडला, हेही योग्य. अशी खिडकी वीस वर्षं विनाहरकत उघडी असेल तर १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानं उजेड-वाऱ्याचा हक्क तयार होतो.

आता गुण कुठे गेले ते. दोन घरांमधली फट नकाशात ३ इंचांची, मोकळी आणि वरून पत्र्यानं झाकलेली आहे. साइटवर गवंड्यांनी तीत थर्माकोल कोंबला आणि वरून बांधकामाचा मसाला पडत राहिला. दोन ठिकाणी मसाल्याचा पूल तयार झाला. पावसात नव्या भिंतीचं पाणी त्यावरून थेट वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत उतरतं, भिंत फुगते, आत गाडलेल्या लाकडाला वाळवी लागते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडते आणि नुकसान वाढतं. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. बरोबर पद्धत म्हणजे फटीत ३ इंची फळी उभी ठेवायची आणि भिंत चढेल तशी वर ओढत न्यायची. त्या बाजूला नंतर हात पोचत नाही, त्यामुळे दर थराला आतून वाकूनच दरजा (थरांमधले सांधे) भरत यायचं. वरचा पत्रा फक्त नव्या भिंतीला ठोकायचा आणि जुन्या बाजूला कौलांखाली सैल सरकवायचा. दोन्हीकडे ठोकला की घरं हलतील तसा तो फाटतो. या कामाच्या दिवसांत आर्किटेक्टची फेरी आठवड्याला एकच होती. निदान एक दिवसाआड हवी होती.

दगडाबाबत निम्मं कौतुक. मेजर मँट यांनी आखलेला नवा राजवाडा (१८७७ ते १८८४) आणि टाऊन हॉल रोज नजरेसमोर असल्यानं संपूर्ण दर्शनी भिंत काळ्या दगडी टाइलनं मढवायचा मोह इथे अनेकांना होतो. ऑफिसनं तो टाळला, दगड जोत्यापुरताच ठेवला आणि ९ इंची भिंतीत खिडक्या ६ इंच आत घेऊन सावली मिळवली. पण जोत्याला १ इंची टाइलच लावली आणि कोपऱ्यावर तिची जाडी उघडी पडली. निदान कोनाचे दगड आणि जोत्याचा सर्वात वरचा थर ६ इंची घडीव हवा होता. खर्च थोडा वाढला असता, पण दगड दगडासारखा दिसला असता.

सेवा घ्यायची असेल तर शेजारच्या घराची मोजणी, चाचणी खड्डा आणि फटीच्या कामावेळच्या फेऱ्या फीमध्ये धरल्या आहेत का, हे लेखी घ्या. शेजारचं घर महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कुठल्या श्रेणीत, हे नकाशा सुरू होण्याआधी तपासा. केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरला वेगळी परवानगी लागते.

इथली फट अजून दुरुस्त होण्यासारखी आहे. वरचा पत्रा काढायचा, लांब सळईला छिन्नी बांधून दोन्ही पूल वरून फोडायचे, थर्माकोल आकड्यानं ओढून काढायचा आणि पत्रा एका बाजूनं पुन्हा बसवायचा. मे संपायच्या आत.