मोटारीऐवजी सात गिअरची सायकल: कोल्हापुरातील दहा महिन्यांचा वापर

गेल्या ऑगस्टमध्ये मी स्टीलच्या फ्रेमची, सात गिअरची एक शहरी सायकल घेतली. ती हौसेसाठी किंवा व्यायामासाठी नव्हे, तर मंगळवार पेठेतील घरापासून विद्यापीठापर्यंत रोज जाणाऱ्या मोटारीच्या जागी घेतली. त्यामुळे तिला लावायचा निकषही एकच आहे: मोटार दारात उभी ठेवून रोजची कामे वेळेवर आणि सुरक्षितपणे होतात का? कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या सायकलीविषयी आहे.

या निर्णयाच्या मागे पंचगंगेचा पूर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी नदीने कितीतरी मागे टाकली, महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराचा संपर्क तुटला. कोणताही एक महापूर केवळ तापमानवाढीने आला असे म्हणता येत नाही. धरणांचा विसर्ग आणि पूररेषेच्या आतली बांधकामे यांचाही त्यात वाटा असतो. परंतु हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि मुसळधार पावसाचा जोर त्यामुळे वाढतो, हे समजल्यावर पाच किलोमीटरसाठी मोटार बाहेर काढणे मला पटेनासे झाले.

हिशोब साधा आहे. एक लीटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, पण जळताना त्यातील कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. माझी मोटार शहरात लीटरला १२ किलोमीटर धावते. इंजिन पुरते तापण्याआधीच प्रवास संपत असल्यामुळे कमी अंतराच्या फेऱ्यांत ती त्याहूनही कमी धावत असावी. दहा महिन्यांत सायकलवर सुमारे २,००० किलोमीटर झाले, म्हणजे १६७ लीटर पेट्रोल आणि सुमारे ३८० किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. लीटरला १०५ रुपये धरले तर ही रक्कम साडेसतरा हजारांच्या घरात जाते, आणि सायकलची किंमतही जवळपास तेवढीच होती.

आता प्रत्यक्ष सायकलविषयी. दुकानात गेल्यावर सर्वांत आधी जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली सायकल दाखवली जाते. ती दिसायला दणकट असते, पण तिला मडगार्ड नसते, कॅरिअर नसते आणि डांबरी रस्त्यावर तिचे रुंद, खाचांचे टायर पायांतली बरीच शक्ती खाऊन टाकतात. अशा सायकली सहा महिन्यांनी इमारतींच्या जिन्याखाली धूळ खात पडलेल्या मी अनेक पाहिल्या आहेत. मोटारीला पर्याय हवा असेल तर जे नसल्यामुळे माणूस पुन्हा मोटारीची किल्ली उचलतो, ते सायकलला आधीपासून असले पाहिजे: पूर्ण लांबीची मडगार्ड, भक्कम कॅरिअर, दोन्ही बाजूंनी टेकणारे स्टँड आणि चेनवर झाकण. माझ्या सायकलला मडगार्ड आणि कॅरिअर होते, पण पुढचे मडगार्ड पूर्ण लांबीचे नव्हते. डबल स्टँड आणि दिवे मी नंतर बसवून घेतले, त्यासाठी सुमारे अडीच हजार रुपये वेगळे लागले.

राजारामपुरीतून सायबर चौकाकडे आणि तेथून विद्यापीठाकडे जाताना चढ लागतो, आणि तेथेच गिअरची खरी परीक्षा होते. या सायकलला पुढे ३८ दातांचे चक्र आणि मागे १४ ते २८ दातांची फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरच्या सात दातेरी चक्रांचा संच आहे. सर्वांत हलक्या गिअरवर पेडलचा एक फेरा झाला की मागचे चाक १.३६ फेरे फिरते. साध्या काळ्या सायकलीत, पुढे ४४ आणि मागे १८ दात धरले तर, हाच आकडा जवळपास अडीच येतो. या फरकामुळे पन्नाशीकडे झुकलेला माझ्यासारखा माणूस न उतरता, घामाने न भिजता चढ पार करतो. मोटारीला गर्दीच्या वेळी वीस मिनिटे लागत. सायकलला पंचवीस लागतात आणि ती रोज पंचवीसच लागतात. पुढे तीन चक्रे असलेल्या एकवीस गिअरच्या सायकलीची कोल्हापूर शहरात मला गरज वाटत नाही.

दोष मात्र आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. पुढचे मडगार्ड आखूड असल्यामुळे पावसात रस्त्यावरचे पाणी थेट बुटांवर आणि चेनवर उडते. तिसऱ्या महिन्यात कॅरिअरचा एक स्क्रू ढिला होऊन पडला आणि कपिलतीर्थ मंडईतून आणलेली भाजी रस्त्यावर सांडली. बाराशे किलोमीटरला मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले, कारण चाक कारखान्यातून आले तेव्हापासून सर्व स्पोक सारखे ताणलेले नव्हते. विकणाऱ्या दुकानाने आठ दिवसांनी या असे सांगितले. शेवटी घराजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींनी अर्ध्या तासात स्पोक घालून, आऊट काढून चाक सरळ करून दिले. नवी सायकल घेतल्यावर दुकानातील फुकट सर्व्हिसिंगवर विसंबू नये, महिन्याच्या आत अशा जाणत्या मिस्त्रीकडून चाके ताणून घ्यावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पावसात रिमवर दाबणारे ब्रेक उशिरा लागतात, कारण ब्रेकच्या रबराला आधी रिमवरचे पाणी पुसावे लागते. म्हणून उतारावर आधीपासूनच हलका ब्रेक धरून ठेवण्याची सवय मी लावून घेतली. रस्त्यावरच्या धोक्याचा दोष सायकलला देता येणार नाही, पण तो लपवणेही बरोबर नाही. संध्याकाळी बागल चौकाच्या परिसरातून येताना मागचा लाल दिवा आणि चमकणारी पट्टी यांशिवाय मी निघत नाही.

मोटार विकलेली नाही. आईला दवाखान्यात नेण्यासाठी आणि गावी जाण्यासाठी ती लागते, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. रोजच्या कामांपुरती मात्र ही सायकल पुरेशी ठरली असून, एका माणसाचे ये-जा आणि आठवड्याचा बाजार एवढ्यासाठी मी ती निःशंकपणे सुचवीन. पावसाळा तोंडावर असल्याने पुढच्या मडगार्डला रबराची लांब झालर लावून घेतली आहे, आणि पत्नीसाठी याच प्रकारची, पण आडवा दांडा नसलेली सायकल पाहण्यासाठी येत्या रविवारी आम्ही दोघे जाणार आहोत.