ऑइलचा लाल दिवा लागला : स्विच बदलावा, गेज लावावा की चेंबर उतरवावा?

चालत्या गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचे लाल चित्र अचानक उजळले, की गॅरेजमध्ये मालकापुढे साधारणपणे तीन प्रस्ताव येतात. ऑइल प्रेशर स्विच बदलून पाहावा, स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून प्रत्यक्ष दाब मोजावा, किंवा थेट चेंबर (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे भांडे) उतरवून पंपाच्या तोंडाची जाळी आणि पंप तपासावा. तिन्हींच्या खर्चात आणि वेळात मोठे अंतर आहेच. पण त्याहून मोठे अंतर त्यांतून हाती येणाऱ्या माहितीत आहे, आणि मालक मात्र बहुधा केवळ खर्च पाहून निवड करतो.

त्याआधीचे एक काम मालकाचेच आहे. दिवा लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. बहुतेक लहान गाड्यांत किमान आणि कमाल खुणांमधील अंतर सुमारे १ लिटरचे असते. ऑइल किमान खुणेच्या खाली गेले असेल, तर कारण बहुधा तेथेच मिळते आणि शोध गळतीचा घ्यावा लागतो. पातळी ठीक असली तरी रंग आणि वास यांकडे लक्ष द्यावे : दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग म्हणजे ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट शिरले आहे. पातळी न भरताच वाढलेली दिसली, तर ऑइलमध्ये इंधन मिसळून ते पातळ झालेले असू शकते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत हे विशेषतः आढळते, कारण पणजी ते पर्वरी एवढ्याच जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत धूर गाळणाऱ्या फिल्टरची सफाई अर्धवट राहते आणि त्यासाठी जादा सोडलेले डिझेल चेंबरमध्ये उतरते.

स्विच बदलण्याच्या प्रस्तावाची बाजू आधी मांडतो. सामान्य गाड्यांचा स्विच स्वस्त असतो आणि अर्ध्या तासात बदलून होतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात त्याच्या कनेक्टरवर हिरवट गंज चढतो, स्विचच्या टोपीतून ऑइल पाझरते, हेही खरे आहे. त्यामुळे ‘दिवा खोटं बोलतोय’ हे फिटरचे म्हणणे अनेकदा बरोबर ठरते. अडचण अशी, की हा स्विच दाब मोजत नाही; दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की तो केवळ दिव्याचे सर्किट जोडतो. नवा स्विच लावल्यावर दिवा विझला, तर दाब ०.६ बार आहे की २ बार, हे कोणालाच कळलेले नसते. शिवाय स्विचचा कनेक्टर काढूनही दिवा तसाच राहिला, तर जुन्या पद्धतीच्या सर्किटमध्ये दोष वायर बॉडीला टेकल्याचा असतो आणि स्विच बदलण्याचे पैसे वायाच जातात. (नव्या गाड्यांत ही जोडणी उलटी किंवा संगणकामार्फत असू शकते, म्हणून मॅन्युअल पाहिल्याशिवाय या चाचणीवर विसंबू नये.) गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून काम भागेल असेही अनेकांना वाटते; पण ज्या गाडीत दाबाचा सेन्सरच नाही, त्या गाडीत स्कॅनर दाबाचा आकडा कोठून आणणार?

गेजला माझी पहिली पसंती आहे. स्विच काढून त्याच भोकात गेजची नळी बसवावी, इंजिन पूर्ण गरम करावे आणि आयडलिंगला, २००० आणि ३००० आरपीएमला आकडे लिहून घ्यावेत. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा; तो हाती नसेल, तर दर १००० आरपीएममागे सुमारे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ठोकताळा आधाराला पुरतो. आकड्यापेक्षाही काट्याची चाल अधिक सांगते. थंड इंजिनात दाब उत्तम आणि गरम झाल्यावर आयडलिंगला घसरतो, तर बेअरिंगची झीज, पंपाची झीज किंवा पातळ झालेले ऑइल, यांकडे संशय जातो. रेस वाढवूनही दाब अपेक्षित आकड्यापर्यंत चढत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो. रेस वाढवताच काटा थरथरून खाली येतो, तेव्हा पंपाला ऑइल पुरेसे मिळत नाही; जाळी चोंदलेली असते किंवा सक्शन नळीच्या ओ-रिंगमधून हवा ओढली जाते. गेज लावण्यातला एकमेव धोका आट्यांचा आहे. जपानी घडणीच्या गाड्यांत बहुधा १/८ इंच बीएसपीटी, तर युरोपीय गाड्यांत बहुधा एम १० बाय १ आटे असतात, आणि जवळपास बसतो म्हणून भलताच अडॅप्टर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये रेटला, तर नवीच डोकेदुखी उभी राहते. फिटरकडे योग्य अडॅप्टर आहे का, हे आधीच विचारावे.

माझ्या स्वतःच्या गाडीची गोष्ट येथे उपयोगी पडेल. केरी सोडून चोर्ला घाट चढताना दिवा लागला; इंजिन बंद करून पाहिले, तर डिपस्टिकवर ऑइल पुरेसे होते. पहिल्या गॅरेजने स्विच बदलला, दिवा विझला, आणि चौथ्या दिवशी चढावर पुन्हा लागला. सपाटीवर तो कधीच लागत नसे, हीच खरी खूण होती आणि ती मी सांगूनही कोणी मनावर घेतली नव्हती. दुसऱ्या फिटरने गेज लावले. आयडलिंगला काटा १ बारच्या वर शांत उभा होता. ३००० च्या पुढे गेल्यावर मात्र तो थरथरू लागला आणि बघता बघता अर्ध्यावर आला. गाडी लिफ्टवर घेतली, तेव्हा चेंबरचा तळ बशीसारखा आत गेलेला दिसला. काही दिवसांपूर्वी बांधकामाजवळ रस्त्यावर पडलेल्या जांभ्याच्या चिऱ्यावरून गाडी घासली होती आणि गळती न दिसल्यामुळे मी तो प्रसंग विसरलो होतो. आत गेलेला पत्रा जाळीच्या तोंडाला जवळजवळ टेकला होता.

म्हणूनच चेंबर उतरवण्याचा प्रस्ताव मी सरसकट शेवटचा मानत नाही. त्याला वेळ लागतो, काही गाड्यांत सबफ्रेम सैल करावी लागते, सीलंट आणि नवे ऑइल यांचा खर्च वाढतो. पण जाळीतला गाळ डोळ्यांनी नीट पाहण्याचा दुसरा मार्ग सहसा नसतो. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो, त्यांत बेल्टचा चुरा जाळीत साचतो आणि तो कोणतेही गेज नेमका दाखवू शकत नाही. चेंबरला ठोकर बसल्याचे माहीत असेल, तर गेजवर वेळ न घालवता आधी गाडीखाली वाकून पाहावे, फोटो काढावेत आणि काम सुरू होण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे, कारण इंजिनाच्या आतले नुकसान बहुधा वेगळ्या जोड-संरक्षणाखालीच (ॲड-ऑन कव्हर) येते. आणि दिव्याबरोबर इंजिनातून खालच्या बाजूने जड खटखट ऐकू येत असेल, तर गेजसाठीसुद्धा इंजिन सुरू करू नये; गाडी टो करूनच न्यावी आणि चेंबरच उतरवावा.

गेज आणि चेंबर यांच्या मध्ये बसणारी एक स्वस्त तपासणी आहे : जुना ऑइल फिल्टर कापून पाहणे. तो हॅकसॉने कापला, तर पत्र्याचाच कीस आत मिसळतो, म्हणून फिल्टर कटर हवा. कागदाच्या घड्यांत चमचमणारे कण दिसले आणि ते चुंबकाला चिकटले नाहीत, तर बेअरिंगचा थर सुटू लागल्याची शक्यता मोठी असते. माझ्या फिल्टरमध्ये असे कण नव्हते. क्रँकला हात लावावा लागला नाही तो त्यामुळेच.

यांखेरीज एक चौथा प्रस्तावही कानावर येतो. ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलच्या जागी २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घाला, दिवा आपोआप जाईल. दिवा जातोही, कारण जाड ऑइल झिजलेल्या फटींतून सावकाश निसटते. गाडी विकण्यापूर्वी हा उपाय का लोकप्रिय असतो, हे त्यावरून समजावे. चवथीच्या तोंडावर गॅरेजे बंद होण्याच्या घाईत मलाही तो सुचवण्यात आला होता.

चेंबर नवा बसवल्यानंतर फिटर गेज काढू लागला, तेव्हा मी त्याला थांबवून इंजिन पुन्हा गरम करवून घेतले. आयडलिंगला १.२ आणि ३००० आरपीएमला ३.४ बार. हे दोन आकडे तारखेसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवले आहेत. पुढच्या वेळी दिवा लागलाच, तर तुलना त्यांच्याशी करता येईल.