खुराक गाभण मेंढीला, की जन्मलेल्या नराला?

सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीकडे दहा-बारा माडग्याळ जातीच्या मेंढ्या बाळगणाऱ्याच्या घरी खुराकाची दोन पोती आली की प्रश्न उभा राहतो. ती आत्ता गाभण मेंढ्यांपुढे ओतायची, की कोकरं झाल्यावर एखाद-दुसरा उमदा नर निवडून त्याला चारायची? बहुतेक जण दुसरं करतात. बाकदार नाकाचा, उंच होत जाणारा नर रोज डोळ्यांपुढे असतो, पोटातलं कोकरू कुणाला दिसतंय? शिवाय 2020 मध्ये एका माडग्याळ मेंढ्याला 70 लाखांची मागणी आल्याची बातमी फिरली, तेव्हापासून नरावर पैसा घालणाऱ्याला कुणी वेड्यात काढत नाही.

आधी पोत्यांचा हिशोब बघू. मेंढीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत रोज पाव किलो भरडा आणि पेंड दिली, तर एका मेंढीला साडेदहा किलो लागते. दहा मेंढ्यांना 105 किलो, म्हणजे 50 किलोची दोन पोती आणि वर थोडं. तेवढ्याच खुराकात दोन नर रोज पाव किलोने सात महिने पोसले जातात. तुलना खरी इथे आहे: दहा आयांचे सहा आठवडे, की दोन नरांचे सात महिने?

तीन-चार महिन्यांत नर खाटकाला द्यायचे असतील, तर आयांना द्या. कोकराच्या जन्मवजनाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो. त्याच वेळी वाढत्या गर्भाने मेंढीचं पोट आतून दाबलेलं असतं. त्यामुळे नुसता कडबा तिला पुरेसा खाता येत नाही, थोड्या मापात जास्त ताकद देणारंच काही लागतं. तिथे कसर केली की कोकरू हलकं होतं, चीक आणि दूध कमी पडतं, आणि तीन महिन्यांनी तराजूवर ते दिसतंच.

नर कळपासाठी ठेवायचा असेल, तर मामला आणखी खोल जातो. मांसाच्या तंतूंची संख्या जन्माआधीच ठरते. पुढे खुराकाने तंतू जाड होतात, वाढत नाहीत. वृषणांचंही काहीसं असंच. त्यात सर्टोली नावाच्या पेशी असतात आणि एक पेशी ठरावीक शुक्राणूंनाच पोसू शकते. या पेशी गर्भात आणि नंतर नर वयात येईपर्यंत वाढतात, मग वाढ थांबते ती कायमची. मेंढ्यांवर एक अभ्यास झाला, 2002 मध्ये तो प्रसिद्ध झाला. गाभणपणी कमी चारा मिळालेल्या मेंढ्यांच्या नवजात नरांत या पेशी कमी भरल्या. जन्मानंतर वयात येईपर्यंत चांगलं खायला मिळालं तर थोडी भर पडते, म्हणून नराला उपाशी ठेवा असं मी म्हणत नाही.

पण बाजारात फसायला होतं ते इथेच. मोठ्या मेंढ्याला दोनेक महिने भरपूर प्रथिनं चारली की वृषणं भरलेली दिसतात. पेशींची संख्या मात्र आहे तेवढीच राहते. खुराक बंद झाला की तो उतरतो, तोवर पैसे देऊन झालेले असतात.

गाभणपणाच्या मधल्या काळाकडे कुणी फारसं बघत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वार, म्हणजे गर्भाला आईकडून पोषण पोचवणारा भाग, वाढत असते, मांसाचे तंतूही तयार होत असतात. तेव्हा पेंड नसली तरी चालेल, पण पाठीवर हात फिरवल्यावर मणके टोचायला लागले तर शेवटच्या सहा आठवड्यांनी सगळं भरून निघणार नाही. बाभळीच्या शेंगा, शेवरी, हादगा यावर तो काळ काढता येतो.

कोणत्या हंगामातल्या मेंढ्यांना हात द्यायचा? जून-जुलैत गाभण राहिलेल्या मेंढीचे शेवटचे आठवडे दिवाळीच्या आगेमागे येतात. तेव्हा रानात बाजरीची कापणी होऊन गेलेली, खायला बऱ्यापैकी मिळतं. डिसेंबरातलीचे तेच आठवडे एप्रिल-मेमध्ये पडतात. दोनच पोती असतील, तर ती या उन्हाळी मेंढ्यांना. उन्हाळ्यात वाळवा-कराडकडून उसाचे वाढे आणून भागवणारे खूप आहेत. वाढ्यांनी पोट भरतं, पण त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून वाढे चालू असताना क्षार मिश्रण सोडू नका. हिरवं काहीच नसेल तर अ जीवनसत्त्वाचीही टंचाई होते, आणि तिचा फटका नराच्या वृषणांनाही बसतो.

खुराक एकदम वाढवू नका, आठवडाभर हळूहळू चढवा. नाहीतर पोट बिघडून मेंढीच जायची. लठ्ठ झालेली मेंढीही विताना अडते. आणि काहीतरी चारलं की नरच होतो, हे ऐकून पेंड घालणाऱ्यांसाठी: नर की मादी हे गर्भ राहतानाच मेंढ्याच्या शुक्राणूवर ठरून गेलेलं असतं.

स्वतः तयार करण्याऐवजी विकत नर आणणार असाल, तर मालकाला दोन गोष्टी विचारा: कोणत्या महिन्यात जन्मला, आणि आई कुठे आहे. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर नर कितीही देखणा असो, मी तरी पुढच्या वाड्यावर जाईन.