थायलंडमध्ये फळं कुठून घ्यावीत: हातगाडी, बाजार की सुपरमार्केट?

थायलंडमध्ये फळं घ्यायच्या तीन जागा पावलोपावली दिसतात: काचेची पेटी असलेली हातगाडी, मोकळा बाजार म्हणजे तिथला ‘तलात’, आणि सुपरमार्केट. सगळी फळं एकाच ठिकाणाहून घेतली, तर काही फळं वाईट मिळतात आणि काही विनाकारण महाग पडतात. म्हणून आधी फळ ठरवा, मग जागा.

हातगाडीचं काम सोपं असतं. बर्फावर सोललेली फळं ठेवलेली असतात, विक्रेता तुमच्यासमोर एका फळाचे तुकडे करून पिशवीत भरतो, बांबूची काडी देतो आणि सोबत तिखट-मीठ-साखरेची पुडी. साधारण 20 ते 40 बाटमध्ये एका माणसाचं पोट भरतं. अननस, पेरू, कैरी आणि जाम ही फळं इथूनच घ्यावीत, कारण सोलायला-कापायला सुरी लागते आणि हॉटेलच्या खोलीत ती नसते. कलिंगड आणि पपईच्या बाबतीत मात्र जपून. दोन्हींत आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे कापल्यावर जंतू भराभर वाढतात. अननसाच्या आम्लात ते मंदावतात. पेटीतला बर्फ वितळून फळं पाण्यात बसली असतील, तर पुढच्या गाडीवर जा. आधीच भरून ठेवलेल्या पिशव्या नको म्हणा. अख्खं फळ दाखवून ‘हे कापा’ अशी खूण केली की पुरते. गडद पोपटी रंगाचा पेरू दिसला तर तो ताज्या पेरूचा रंग नव्हे. तो गोड पाकात मुरवलेला आणि बहुतेकदा रंगवलेला असतो. चवीला वाईट नाही, पण ताजा पेरू हवा असेल तर फिकट हिरवा निवडा.

सालीसकट घ्यायच्या फळांना बाजाराशिवाय पर्याय नाही, आणि त्यातही मँगोस्टीनला, म्हणजे जाड जांभळ्या सालीच्या, आत पांढऱ्या फोडी असलेल्या फळाला. हे फळ हातात घेऊन दाबल्याशिवाय कळत नाही. अंगठ्याने हलकं दाबलं की साल किंचित आत जायला हवी. लाकडासारखी टणक लागली तर फळ जुनं आहे किंवा आदळलेलं आहे, आणि आतला गर पिवळट, कडू निघण्याची शक्यता मोठी. देठाजवळच्या पाकळ्या हिरव्या असाव्यात. फळाच्या बुडाला फुलासारखी छोटी खूण असते. तिच्या जितक्या पाकळ्या, तितक्याच आत फोडी. पाकळ्या जास्त असलेलं फळ घ्या: फोडी लहान असतात आणि बिया कमी. दोन्ही तळव्यांत धरून पिळलं की साल मधोमध फुटते. सालीचा जांभळा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून अनेक हॉटेलांत या फळाला बंदी असते.

सुपरमार्केटमध्ये नेमकी इथेच अडचण येते. फळ जाळीत किंवा प्लास्टिकखाली बंद, त्यामुळे दाबून बघता येत नाही, आणि जास्त थंडीत मँगोस्टीनची साल आपोआप कडक होते. मग चांगलं कोणतं आणि खराब कोणतं, हे ओळखायचं साधनच उरत नाही. लिचीसारख्या पण केसाळ सालीच्या रामबुतानचं तेच: केस ताठ आणि टोकं हिरवट असतील तर ताजं, काळे पडून सुकले असतील तर नको. ‘रोंगरियन’ जातीचं मिळालं तर तेच घ्या, गर बीपासून स्वच्छ सुटतो. लाँगकाँग (घोसात येणारं फिकट सालीचं छोटं फळ) घ्यायला गेलात आणि सोलताना बोटांना चिकट दूध लागलं, तर हातात त्याचं भावंड लांगसात आलंय. बी मात्र दोन्हींची चावू नका, कडूजहर असते.

बाजारात ‘चिम दाय माय’ म्हणजे चाखू का, असं विचारायला संकोच करू नका. लाँगकाँग, लाँगन (लिचीच्या जातकुळीतलं तपकिरी सालीचं फळ), रामबुतानचे विक्रेते बहुधा एक फळ हातावर ठेवतात. स्वतःहून उचलून तोंडात टाकणं मात्र बरं दिसत नाही. दराची पाटी नीट वाचा: आकडा किलोचा (‘लो’), अर्ध्या किलोचा (‘ख्रुएंग लो’), की ‘खीत’चा म्हणजे 100 ग्रॅमचा? ‘3 लो 100’ म्हणजे तीन किलो शंभर बाटला. एकच किलो हवा असेल तर दर चढा पडतो. बँकॉकमध्ये काम्फेंग फेट मेट्रो स्थानकाला लागून असलेला ऑर तॉर कॉर बाजार महाग आहे, पण माल निवडक आणि स्वच्छ. पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिथे जाऊन चवी ओळखून घ्याव्यात आणि मग मोठी खरेदी वस्तीतल्या साध्या तलातमध्ये करावी.

दुरियनचा, म्हणजे फणसासारख्या काटेरी, उग्र वासाच्या फळाचा हिशेब वेगळा. अख्ख्या फळात खाण्याजोगा गर साधारण चौथा ते तिसरा हिस्सा असतो. म्हणजे तीन किलोच्या फळातून फार तर एक किलो गरे. ट्रेमधल्या गऱ्यांचा दर अख्ख्या फळाच्या तिप्पट-चौपट दिसला, तर तो महाग नाही, सारखाच आहे. दोघं-तिघं असाल तर ट्रेच घ्या, कारण गर डोळ्यांना दिसतो. रंगावर जाऊ नका, तो जातीप्रमाणे बदलतो. प्लास्टिकवरून बोटाने दाबा. गर मऊ लोण्यासारखा दबला तर तयार, कडक असेल तर कच्चा, पाणी सुटलं असेल तर गेलेला. सौम्य चव हवी असेल तर मोनथोंग जात, वास आणि चव तीव्र हवी असेल तर चनी. खायचं बाजारातच: बँकॉकच्या मेट्रोत दुरियन नेता येत नाही आणि बहुतेक हॉटेलं खोलीत आणू देत नाहीत.

पपनसाचा सुपरमार्केट किंवा बाजारातला सोललेला ट्रे सरळ घ्यावा. जाड साल आणि प्रत्येक फोडीचा चिवट पापुद्रा काढण्यात बराच वेळ जातो. अख्खा पपनस फक्त लांबच्या बसप्रवासासाठी. तो दाबला-आपटला तरी टिकतो.

महिनाही निर्णय बदलतो. दुरियन, मँगोस्टीन, रामबुतान मेच्या सुमारास पूर्वेकडच्या चांथाबुरी-रायोंगकडून येतात, जुलैनंतर दक्षिणेकडच्या चुम्फोन-सुरात थानीकडून. लाँगन उत्तरेचं, जुलै-ऑगस्टमधलं. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्याने मँगोस्टीनचा हट्ट धरू नये. त्या दिवसांत मिळालंच तर महाग आणि बेतास बात. तेव्हा हातगाडीवरचा अननस, जाम, पेरू आणि फेचाबूनची गोड चिंच यांवर भर द्यावा. परतीच्या सामानात ताजी फळं भरण्यापेक्षा सुकवलेला आंबा किंवा कोरडे, कुरकुरीत दुरियनचे तुकडे बंद पाकिटात न्या. ते मात्र सुपरमार्केटमधूनच घ्यावेत, तिथे पाकिटावर तारीख असते.