नव्या आर७चा ताबा आणि शोरूममधील दोन तास

यामाहाची आर७ ही मोटारसायकल ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा मालकपुस्तिका वाचून झाली होती आणि टायरमधील हवा तपासण्याचे माझे मीटर खिशात होते. ६८९ सीसीचे इंजिन, इंधनासह १८८ किलो वजन आणि पुढे झुकवणारी बैठक असलेल्या गाडीची तयारी शोरूमने कशी केली आहे, हे रस्त्यावर उतरण्याआधीच पाहायला हवे, असे माझे मत आहे.

सुरुवात निराशाजनक झाली. कागदपत्रांवरील चेसिस क्रमांक हँडलच्या मानेवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहिला, तर सतरा अक्षर-अंकांपैकी एका ठिकाणी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टंकलेला आढळला. शून्य आणि एक या अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून या क्रमांकात ‘ओ’, ‘आय’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे वापरलीच जात नाहीत, त्यामुळे चूक कागदावरच होती हे उघड होते. विक्री प्रतिनिधीने आधी ‘त्याने काही बिघडत नाही’ असे सांगितले, हे मला पटले नाही. विमा आणि नोंदणी याच क्रमांकावर चालतात. आग्रह धरल्यावर पाऊण तासात दुरुस्त प्रत मिळाली.

मात्र त्यानंतर गाडी हाती देणाऱ्या मेकॅनिकचे काम पाहून मन भरून आले. माझ्या मीटरवर मागच्या टायरमध्ये हवेचा दाब ५० पीएसआय दिसला. वाहतुकीत आणि साठवणुकीत टायर एका जागी चपटा होऊ नये म्हणून हवा जास्त भरलेली असते आणि ती उतरवायची राहून गेली, असे त्याने मोकळेपणाने मान्य केले आणि टायर थंड असतानाच पुढे ३६ व मागे ४२ पीएसआय करून दिले. मग मला गाडीवर बसवून, मागच्या स्प्रिंगचा ताण माझ्या वजनाला बेताचा आहे का ते पाहून तो थोडा वाढवला, ब्रेकचा लिव्हर बोटांच्या अंतरावर आणला आणि चेनची ढिलाई पुस्तिकेतील मर्यादेत आहे हे मोजून दाखवले. टायरच्या कडेवरील शेवटच्या चार अंकांतील पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, हेही त्याने न विचारता दाखवले. इंजिन सुरू केल्यावर एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा पेटलेलाच राहिला, तेव्हा मी धास्तावलो. चाके फिरून वेग पकडल्यावरच तो विझतो, हे त्याने समजावले आणि आवाराबाहेर निघताच तसेच झाले.

निघताना त्याने दिलेली सूचना सर्वांत मोलाची होती. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि ब्रेकचे पॅडही डिस्कवर बसलेले नसतात, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर वळणांवर गाडी हळूहळूच अधिक वाकवावी, ब्रेक सौम्यपणे लावावेत आणि इंजिनावर एकाच वेगाचा दीर्घ भार टाकू नये.

कार्यालयीन कामासाठी या शोरूमला मी जेमतेम दोन तारे देईन, कार्यशाळेला मात्र पाच. १००० किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसची वेळ मी त्याच मेकॅनिकच्या नावे ठरवून आलो आहे.