कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षांसाठी क्लाउड सर्व्हर : सात महिने वापरून झाल्यावर

आमचं कॉलेज सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. पोरं साधारण ११००, निम्मी वाड्यावस्त्यांवरून येणारी. इंटर्नल परीक्षा मूडलवर (ऑनलाइन अभ्यास आणि परीक्षा घ्यायचं सॉफ्टवेअर) घ्यायचं ठरलं, मूडल फुकट आहे पण ते ठेवायला सर्व्हर लागतो, तो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचं दुसऱ्या कंपनीचं मशीन, भाड्याने घेतला आणि सगळं माझ्याकडे आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगतोय ते कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी लागू पडेल.

पहिल्या परीक्षेला २ सीपीयू, ४ जीबी रॅमचं मशीन घेतलं. दोन आठवडे टेस्टिंगला आम्ही पाच-सहा जण लॉगिन करून बघत होतो, मस्त पळत होतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी ९ ला स्वच्छ नवीन मशीन उभं केलं, ११ ला ६४० पोरं एकदम आत आली, पेज जड झालं पण चालू होतं, आणि ११:२५ च्या आसपास सर्व्हर बसला तो बसलाच. फोनवर फोन. "सर, नुसतं गोल फिरतंय, माझे मार्क जाणार का?" एवढंच प्रत्येक पोर विचारत होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी परीक्षा रद्द करून चार दिवसांनी परत घेतली.

रात्री ग्राफ उघडून बसलो तेव्हा कळलं. सीपीयू ११ पासून १०० टक्के, आणि मग एकदम २० वर आडवी सरळ रेघ. हे स्वस्तातलं बर्स्टवालं मशीन होतं. म्हणजे कायमचा हक्क फक्त २० टक्के सीपीयूचा, काम कमी असताना क्रेडिट साठतं आणि गरज पडली की ते खर्चून मशीन पूर्ण ताकदीने पळतं. आमचं दोन तासांपूर्वी बनवलेलं, साठून साठून ४८ क्रेडिट, पूर्ण जोरात मिनिटाला २ जातात, करा हिशोब. वेबसाइट चालवायला हे मशीन चांगलंच आहे, परीक्षेला नाही.

परीक्षेचा लोड म्हणजे यात्रेची गर्दी, महिनाभर कुणी नाही आणि एका मिनिटात सगळे दारात. पोरगं "अटेम्प्ट क्विझ" दाबतं तेव्हा त्याच्यासाठी प्रत्येक प्रश्नाची वेगळी नोंद डेटाबेसमध्ये पडते, सगळ्यात जड काम नेमकं तेच आणि सगळे ते एकाच वेळी दाबतात. ऑटोस्केलिंगचा, म्हणजे गर्दी वाढली की आपोआप मशीन वाढवायच्या सोयीचा, इथे उपयोग नाही हो, नवीन मशीन उभं राहीपर्यंत काही मिनिटं जातात आणि तोवर पोरं रिफ्रेश दाबून दाबून अजून भर घालतात. आता आम्ही बर्स्ट नसलेलं ८ सीपीयूचं मशीन फक्त परीक्षेच्या दिवशी घेतो, १० ला चालू, सेशन (कोण लॉगिन आहे त्याची नोंद) डेटाबेसऐवजी रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत चालणाऱ्या वेगवान साठ्यात ठेवले आणि पोरांच्या तीन बॅच केल्या, दहा-दहा मिनिटांच्या फरकाने. या बॅचमुळे जेवढा फरक पडला तेवढा पैसे ओतून पडला नसता. जेमीटर म्हणजे खोटी गर्दी पाठवून सर्व्हर तपासायचं सॉफ्टवेअर, मूडलमध्येच त्याचा टेस्ट प्लॅन बनवून मिळतो, तो चालवून बघा, पण कॉलेजच्या ब्रॉडबँडवरून नको, लाइनच आधी भरते, दुसरं क्लाउड मशीन तासाभरासाठी घेऊन तिथून टेस्ट चालवा.

फोटोंचं पण सांगतो. बॉटनीच्या मॅडमनी आकृत्यांचे मोबाइलवर फोटो काढून प्रश्नात टाकले, ४ एमबीचा एक असे ६. सहाशे पोरं धरली तर एका पेपरला १४ जीबीच्या वर बाहेर जाणार, त्याचे पैसे वेगळे आणि वस्तीवरच्या पोराचा डेटापॅक तिथेच संपणार. आता प्रत्येक फोटो १०० केबीच्या आत, हे मी स्वतः तपासतो.

रिजन, म्हणजे सर्व्हर प्रत्यक्ष कुठल्या शहरात असेल ते, मुंबई किंवा पुणेच घ्या. ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून आहे, गूगलचं २०१७ पासून, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे. लांबचं थोडं स्वस्त दिसतं पण गावाकडच्या रेंजवर प्रत्येक क्लिकला ते जाणवतं. बिल बघताना लक्षात ठेवा, मशीन बंद केलं तरी डिस्कचे आणि स्नॅपशॉटचे (डिस्कची काढून ठेवलेली कॉपी) पैसे चालूच राहतात, वर १८ टक्के जीएसटी. आमचे दोन महिने जुन्या स्नॅपशॉटचे पैसे गेले.

कॅमेरा लावून नजर ठेवायची सोय मी घेतली नाही. एफवायला १८ च्या आतली पोरं असतात, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यात त्यांच्यासाठी पालकांच्या संमतीची अट आहे, आणि एका खोलीच्या घरातून परीक्षा देणाऱ्या पोरीच्या घरात कॅमेरा फिरवायला माझं मन तयार नाही. त्यापेक्षा प्रश्नबँक मोठी करा, प्रत्येकाला वेगळे प्रश्न पडू द्या.

डिसेंबरच्या पेपरला एका मुलीच्या वस्तीवरची लाइट गेली, थोड्या वेळात टॉवरही गेला. ती भावाच्या गाडीवर बसून एसटी स्टँडवर आली, बाकड्यावर बसून परत लॉगिन केलं. १७ उत्तरं जशीच्या तशी होती, कारण मूडल दर मिनिटाला आपोआप सेव्ह करतं आणि या वेळी सर्व्हर ते सेव्ह घ्यायला जागा होता. उरलेले १३ प्रश्न तिने तिथेच सोडवले.